कच्चं की शिजवलेलं? बिजलीच्या वाडग्याची कैफियत

मित्रांनो, मी जर्मनचा एक जुना वाडगा आहे. ॲल्युमिनियमला आमच्या शिवाजी पेठेत जर्मनच म्हणतात, त्याला माझा इलाज नाही. कडेला दातांचे खड्डे, बुडाला पोचा. निवांत बसणं मला ठाऊकच नाही. कुणी नुसतं जिना उतरलं तरी मी फरशीवर खडखडतो. का, ते ऐका.

मला ठोकून घडवलं तेव्हा वाटलं होतं, आपल्यात आमटी वाढतील, सणासुदीला बासुंदी वाढतील. कुठलं काय! अठ्ठ्याण्णव साली कृष्णातनं मला विकत घेतलं आणि थेट कुत्रीच्या पिल्लापुढं आपटलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्या पिल्लानं, म्हणजे बिजलीनं, मला चाटून असं लख्ख केलं की माझा राग कुठल्या कुठं पळाला.

कृष्णात शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला होता, पण मूळचा तालमीतला गडी. खुराक म्हटलं की त्याच्या अंगात यायचं. रोज संध्याकाळी, गवळी गिऱ्हाइकापुढंच म्हशी पिळतात त्या कट्ट्यावर जाऊन म्हशीच्या धारेचं फेसाळ दूध उभ्या उभ्या प्यायचा. तोच हिशेब त्यानं बिजलीला लावला.

"आपण कच्चं दूध पितोय, काय हुतंय का? मग हिला कच्चं मटण. खुराक हाय त्यो!"

त्याची आई बनाबाई कपाळावर हात मारायची. "आरं, कच्चं खाऊन कुत्रं माणसावर उलटतंय. दारात पोरंबाळं खेळत्यात. उकडूनच घालायचं."

झालं! सकाळी माझ्यात कच्चं, दुपारी उकडलेलं, आणि दोघांची भांडणं माझ्या डोक्यावर. कच्च्यावर बिजलीचं अंग तुकतुकीत झालं, दात शुभ्र झाले, हे मी डोळ्यांनी बघितलं. पण कृष्णात मटण टाकून कामावर जायचा. उरलेलं उन्हात तसंच पडायचं, माश्या घोंगावायच्या. मग बिजलीला जुलाब लागायचे. एकदा जंतही पडले. बनाबाईचं शिजवलेलं पोटाला सोसायचं, पण त्यात भाकरीच फार, मटण नावाला. बिजली मरगळून पडायची. कोण बरोबर, कोण चूक, याचा विचार करून माझा जीव टांगणीला लागायचा. पण वाडग्याला विचारतो कोण?

एका रविवारी घरी पावणे आले. बनाबाईनं पांढरा रस्सा केला. त्यासाठी हाडं किती वेळ उकळत ठेवतात, तुम्हाला माहीतच आहे. पंगत उठल्यावर तिनं ती सगळी हाडं माझ्यात ओतली.

"मऊ झाल्यात गं बाय. खा पोटभर."

तीही मायेनंच म्हणाली हो! बिजली कडाकडा फोडायला लागली. हाडांच्या चिपा उडत होत्या, माझ्या पत्र्याला टोचत होत्या. मी जिवाच्या आकांतानं खडखडलो. बनाबाईला वाटलं, काय आवडीनं खातंय लेकरू!

दुसऱ्या दिवशी बिजली पाठ वाकवून नुसती कुंथत होती. मग रक्त पडलं. कृष्णातनं तिला उचलून रिक्षात घातलं. काय खाल्लं ते दाखवायला बनाबाईनं मलाही पदराखाली घेतलं.

जनावरांच्या डॉक्टर संघप्रियाताईंनी माझ्यातली एक चीप बोटानं उचलली. "आजी, उकळलेलं हाड ठिसूळ होतंय. त्याचे असे सुरे होत्यात. आत अडकल्यात."

"बघ, म्या सांगत हुतो न्हवं!" कृष्णात आईवर ओरडला.

"तुम्ही गप्प बसा," ताई कडाडल्या. "कच्चं हाडबी अडकतंय, दात मोडतंय. उन्हात पडलेलं मटण घालून जुलाब कुणी लावले? कच्चं घालायचं तर ताजं घाला, जंताचं औषध द्या, हात आणि भांडं घासा. जमत न्हाय तर शिजवा, पण मटण घाला आणि हाड बाजूला काढा. तुमच्या भांडणात ही मरंल की!"

बिजलीचं ऑपरेशन झालं. ती वाचली! मला नाचावंसं वाटलं.

ती घरी आली तेव्हा बनाबाईनं मला घासूनपुसून माझ्यात मऊ भात आणि बिनहाडाचं शिजवलेलं मटण घातलं. कृष्णातनं त्यात हाड राहिलंय का, ते बोटानं चाचपून बघितलं. बिजली आली. मला हुंगलं. कान पाडले आणि मागं सरकली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

शेवटी बनाबाईनं फतकल मारली आणि माझ्यातलाच घास तळहातावर घेतला. "खा गं माझे बाई. चुकलं माझं." बिजलीनं तिची बोटं चाटून पुसून साफ केली. बघा म्हणजे! घातलं कुणी आणि रुसली कुणावर!

मित्रांनो, तुम्ही कच्चं घाला नाहीतर शिजवलेलं घाला, मी मध्ये पडणार नाही. पण घालण्याआधी नीट बघा, जाणत्या डॉक्टरांना विचारा, वाडगा स्वच्छ ठेवा. मुकं जनावर पुढ्यात येईल त्यात भरवशानं तोंड घालतं. बिजली पुढं खूप वर्षं जगली, म्हातारी होऊन गेली. पण माझ्यात ती पुन्हा पाणीसुद्धा प्यायली नाही.