पैलवानाचा तोडलेला खुराक

“बाई, जीव दोन आन् लपायला जागा एकच? असं एकत्र ठिवू नगा त्यास्नी,” असं झाडलोट करणाऱ्या रंगूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. स्वप्नालीबाईंनी ते हसण्यावारी नेलं. “अहो, नवराबायको आहेत ते!”

मित्रांनो, मी एक जुनी काचेची पेटी आहे. बारामतीत काच कापून, कडा चिकटवून मला घडवलं. कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत आधी माझ्यात भिगवणचे मासे पोहायचे. पुढे एका कोपऱ्यातून पाणी झिरपू लागलं आणि मी रिकामी झाले.

मग १९९६ च्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेतल्या दादासोंनी इंदापूरकडच्या खडकाळ माळावरून दोन पाली आणल्या. त्या घरातल्या पालींसारख्या नव्हत्या. त्या दिवसा हिंडत आणि रात्री झोपत. एक जाडजूड, दुसरी सडसडीत. “म्याडम, हा आपला पैलवान आन् ही त्याची मालकीण. लगीन लावूनच आणलंय!” दादासो म्हणाले. स्वप्नालीबाई तिथं शिकवत. दहा महिन्यांची लेक सोनल कडेवर असल्यामुळं त्या माझं झाकण दिवसातून तीनदा तपासायच्या. पण दादासोंचं बोलणं काही त्यांनी तपासलं नाही.

आठवड्यात पैलवानाच्या मानेवर ओरखडा दिसला. नंतर त्याचं शेपूट तुटून पडलं. तो झाडाच्या सालीच्या तुकड्यामागं दडून राहू लागला. सगळ्यांचा संशय त्याच्यावरच. हाच तिला छळत असणार, म्हणून तीही चावत असणार!

दादासो तालमीत वाढलेले. “खुराक तोडा त्याचा. दोन दिसांत मस्ती उतरती का न्हाय बघा.” चिमट्यानं भरवायचे ते पैलवानाचे किडे निम्मे झाले.

मला मात्र दुसराच संशय होता. पाल माझ्या भिंतीवर चढली की तिचं पोट मला दिसे. सडसडीत पालीच्या मांड्यांखाली बारीक ठिपक्यांची रांग होती. पैलवानाला ती नव्हती. पण काचेला तोंड कुठं असतं?

पैलवान वाळत चालला. एका दुपारी रंगूबाई फडकं हातात धरून माझ्यापुढं थबकल्या. “माझी लेक नकोशी अंथुर्ण्याला दिलीया. माहेरी आली की अशीच कोपरा धरून बसती. सासरचे म्हनत्यात, खाऊन सुस्तावली. बाई, कोन कोनाला चावतंय ते आधी बघा की!”

या वेळी स्वप्नालीबाई हसल्या नाहीत. पालीची कातडी नाजूक, हाताळली तर फाटते, म्हणून त्यांनी आत हात घातला नाही. भिंग घेऊन माझ्यासमोर बसून राहिल्या. सोनलनं काचेवर थाप मारली, तशी सडसडीत पाल सरसर वर चढली. बाईंनी ठिपके पाहिले. फार वेळानं पैलवान हळूहळू वर आला. त्याच्या पोटाच्या कातडीतून दोन पांढरे गोळे दिसत होते.

“दादासो,” बाई म्हणाल्या, “मांडीखाली असे ठिपके नरालाच असतात. तुमची मालकीण नर आहे. आणि पैलवान मादी आहे. पोटात अंडी आहेत तिच्या. आपण तिच्याच तोंडचा घास काढला.”

“आरं देवा,” एवढंच दादासो म्हणाले आणि किडे धरायला पळाले.

नराला वेगळ्या बरणीत ठेवलं. एकमेकांना दिसू नयेत म्हणून मधे पुठ्ठा लावला. तिला लपायला सालीचे तीन तुकडे दिले. चार दिवसांनी तिनं माझ्या भिंतीला दोन अंडी चिकटवली. खरवडली तर फुटतील, म्हणून कुणी बोट लावलं नाही. दोन महिन्यांनी त्यातून काडीएवढी पिल्लं निघाली. नर की मादी, हे मोठी होईपर्यंत कळत नाही. दादासोंनी या वेळी नावं ठेवली नाहीत. पुढं सगळ्यांना त्याच माळावर सोडून दिलं.

आता मी अडगळीत आहे. अंगावर धूळ आहे आणि अंड्यांच्या दोन पांढऱ्या खुणा आहेत.

मित्रांनो, कोणताही जीव पाळलात तर त्याला लपायला जागा द्या आणि तो गप्प झाला की त्याला आळशी म्हणण्याआधी नीट बघा. आणखी एक. रंगूबाई काम सोडून जाताना म्हणाल्या, “नकोशीचं बरं चाललंय म्हनं. जावई सांगत हुते.”

जावई सांगत होते! मला तेवढ्यावर भरवसा वाटत नाही. अंथुर्ण्याकडं गेलात तर तिच्या घरी जा. “नकोशीताई, जेवलीस का?” असं विचारा. आणि उत्तर तिलाच देऊ द्या.