चिक्कीची लादी

मासिकाची पिन सैल होऊन वर आली होती, आणि ज्ञानदा ती अंगठ्याने पुन्हा पुन्हा आत दाबत होती... पान तेच, चौकट तीच. चौकटीत एकच ओळ: ‘दर वेळी मोडताना तुकडा एकच वाढतो, म्हणून अठ्ठेचाळीस वड्यांची लादी सत्तेचाळीस वेळा मोडावी लागते, कशीही मोडा.’ खाली नाव: रोझमेरी, भुईगाव.

चिक्कीच्या लादीचं ते कोडं ज्ञानदाचं होतं. शाळेतली नोकरी सांभाळून गणिताच्या गमतींचं हे सदर ती कित्येक वर्षं लिहीत होती, आणि याच कोड्याच्या उत्तरासाठी तिने — आधी आडवी मोडली तर, आधी उभी मोडली तर — दोन पानं भरली होती. संपादकांनी ती पानं बाजूला ठेवून वाचकाची ओळ छापली. वर फोनवर विचारलं, या बाईंनी तुमच्याबरोबर आलटूनपालटून लिहिलं तर चालेल का? तिने हो म्हटलं. आवाज अगदी नीट ठेवला.

पण परेश... तिचं सदर कधी शेवटपर्यंत न वाचणारा तिचा नवरा सकाळी ही ओळ वाचून हसला होता, चहा हातात तसाच धरून, एखादी जादू पाहिल्यासारखा. ते हसू तिला सलत होतं.

दुपारी रोझमेरी स्वतःच आचोळ्याला त्यांच्या घरी आली, सुकेळी — उन्हात वाळवलेली गोड केळी — घेऊन. ज्ञानदाने तिच्यात थोडा तोरा शोधला. सापडेना.

“टीचर, मी तुमचंच सदर वाचून शिकले,” ती म्हणाली. “लग्नानंतर माझं म्हणून तेवढंच राहिलं होतं.”

म्हणजे रागवायलाही जागा ठेवली नाही हिने.

ज्ञानदाने दिवाळीपासून अडलेलं एक कोडं तिच्यापुढे सरकवलं — गोल टेबलाभोवती पाहुणे बसवण्याचं. पुढच्या अंकासाठी आहे, बघ जरा, म्हणाली. जणू उत्तर तयारच होतं.

रोझमेरी बघत राहिली. सुटू नये, ज्ञानदा मनात घोकत होती, हिला तरी सुटू नये... मग रोझमेरीच्या कपाळावर आठी पडली, बोट कागदावर थबकलं, तिने हळूच मान हलवली. आणि हायसं वाटायच्या ऐवजी ज्ञानदा घाईने कागदावर वाकली. हिलाही नाही? मग सांगणार कोण?

“थांबा हं टीचर,” रोझमेरी पुटपुटली.

ज्ञानदा श्वास रोखून तिच्या बोटाकडे बघत राहिली — सुटू नये म्हणत होते ना मी?... की सुटू दे म्हणत होते?