न दिसलेल्या रेघा

टँजंट गावच्या बियाणे तपासणी प्रयोगशाळेत अर्डिथ योडरचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एकतीस वर्षं ती राय गवताचं बी तपासत होती. या गवताच्या जाती दोन. एक वर्षभरात तुरे काढून मरणारी, दुसरी वर्षानुवर्षं हिरवळ राखणारी. बी दोघींचं इतकं सारखं की नुसतं पाहून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. फरक कळतो तो मुळांवरून. चारशे दाणे पांढऱ्या कागदावर रुजवायचे आणि चौदा दिवसांनी अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली धरायचे. एकसाली गवताचं मूळ जिथून गेलं, तिथे कागदावर निळी रेघ चमकते. रेघा मोजायच्या, म्हणजे बहुसाली बियाण्यात एकसालीची भेसळ किती ते कळतं, आणि सही ठोकायची. त्या सहीवर शंका घ्यायची विलामेट खोऱ्यात कुणाची छाती नव्हती.

उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करून ती कामावर परतली. डाव्याचं पुढच्या महिन्यात व्हायचं होतं. पहिल्याच सकाळी तिने कागद दिव्याखाली धरला आणि सात रेघा मोजल्या. मग डोळ्याला खाज आली म्हणून उजवा झाकला, तर उरल्या दोन. उघडला, सात. झाकला, दोन.

"जनेल, इकडे ये गं. एवढं मोज."

शेजारच्या टेबलावरची तरुण तपासनीस वाकली. "सात. का हो बाई?"

"काही नाही."

कसलं काही नाही! पिकत चाललेला डोळा निळा रंग गिळत होता, आणि किती दिवस गिळत होता ते देवाला ठाऊक.

तिला पहिला आठवला शेतकरी लेलंड श्रॉक. गेल्या वर्षी सप्टेंबरात त्याने पेरलेलं बी तिनेच पास केलं होतं. मे महिन्यात त्याच्या बहुसाली शेतात एकसालीचे तुरे उभे राहिले, तेव्हा तो मूठभर तुरे घेऊन तिच्याकडे आला होता. ती फटकन म्हणाली होती, "माझ्या कागदावर बी स्वच्छ होतं, लेलंड. पेरणीयंत्र कुणाचं आणलंस ते बघ." यंत्र त्याच्या धाकट्या भावाचं, ऑर्व्हलचं होतं, आणि ऑर्व्हल एकसालीच पेरायचा; त्याचेच दाणे यंत्रात राहिले असं लेलंडने धरलं. त्या दिवसापासून भावाभावांत अबोला होता.

तपासलेल्या प्रत्येक बियाण्याची एक पुडी प्रयोगशाळेच्या कपाटात राखून ठेवलेली असते. अर्डिथने कपाट उघडलं तसा व्यवस्थापक ड्वेन दारात येऊन उभा राहिला.

"बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणी तक्रार केलीय का?"

"कशी करतील? मीच त्यांना गप्प केलं ना."

"सही खोटी ठरली तर तुमचा परवाना जाईल. वर्षभराने निवृत्त होताय. निरोपाचा केक खा आणि सुखाने घरी जा की!"

"केक तू खा, तुला गोड आवडतं. मला गेल्या हंगामातल्या सगळ्या पुड्या हव्यात. सरक बाजूला."

अडतीस पुड्या निघाल्या. तिने चिमट्याने एकेक दाणा ऐसपैस लावला, कारण मुळं एकमेकांत गुंतली की एकाची चमक दुसऱ्याच्या अंगाला लागते. चौदा दिवसांनी तिने नावं झाकून सगळे कागद जनेलपुढे ठेवले आणि स्वतः खोलीबाहेर बसली. स्वतःच्या डोळ्यांवर तिचा आता काडीचा भरवसा नव्हता.

पस्तीस बरोबर निघाले, तीन चुकले. लेलंडच्या बियाण्याच्या जुन्या अहवालात तिने दोन रेघा लिहिल्या होत्या. जनेलने एकोणीस मोजल्या.

अर्डिथने तीनही अहवाल रद्द केल्याची पत्रं लिहिली, परवाना पाकिटात घालून ड्वेनच्या टेबलावर ठेवला आणि गाडी काढली.

लेलंड शेडमध्ये कापणीच्या कंबाइन यंत्राला वंगण घालत होता. तिने उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "ऑर्व्हलच्या यंत्रात काही नव्हतं. बीच भेसळीचं होतं. मला दिसलं नाही, आणि जे दिसलं नाही ते मी ‘नाही’ म्हणून लिहिलं."

लेलंडने वंगणाचा डबा खाली ठेवला.

"ऑगस्टात आई गेली," तो म्हणाला. "चर्चमध्ये आम्ही दोघं दोन टोकांना बसलो. भांडण झालं तेव्हा तो सारखा सांगत होता, अरे, यंत्र मी स्वतः झाडून दिलंय. मी म्हटलं, अर्डिथच्या सहीपेक्षा तू मोठा लागून गेलास का?"

धरणीने पोटात घ्यावं असं अर्डिथला झालं. पण ती जागची हलली नाही.

"चल," ती म्हणाली.

"कुठे?"

"ऑर्व्हलकडे. हे त्याच्या तोंडावर सांगायचंय मला."

"तो दारात उभं करणार नाही."

"तुला नाही करणार. मला करेल, शिव्या घालायला तरी."

लेलंडने हात पुसले आणि गाडीत जाऊन बसला.