पट्टीमागचा पिवळा दिवा

मी एक जुना पिवळा दिवा आहे. मोटारीच्या स्टिअरिंगमागे, काट्यांच्या खाली माझी जागा. माझ्या अंगावर इंजिनाचं चित्र आहे, पण कोणाला ते नळासारखं दिसतं, कोणाला कोंबडीसारखं. मित्रांनो, मी दिसलो की लोक शिव्या घालतात. माझ्याबद्दल आजवर कोणी चांगलं बोललेलं नाही. तरी ऐका, कारण माझ्या नावावर लोकांनी धंदा केला आहे.

कारखान्यात मला बसवलं तेव्हा शेजारी तेलाचा, बॅटरीचा, ब्रेकचा असे माझे भाऊबंद होते. चावी फिरवली की इंजिन सुरू होण्याआधी आम्ही सगळे क्षणभर पेटतो. ती आमची हजेरी. मग ज्याच्या खात्यात बिघाड नाही, त्याने मुकाट्याने विझायचं. माझं खातं इंजिनाचं. माझ्यात एक उणीव आहे, जन्मापासूनची. मला 'काहीतरी बिघडलंय' एवढंच म्हणता येतं. काय बिघडलंय, ते सांगता येत नाही. ते दुसऱ्याने शोधायचं असतं. सगळी लबाडी तिथेच शिरते.

आमची व्हॅन एका लॉन्ड्रीवाल्या बाईंची. हॉस्पिटलच्या चादरी आणि ऑपरेशनचे हिरवे झगे सकाळी पोचवायचे, मळके गठ्ठे घेऊन परत यायचं, हे आमचं काम. सुरुवातीची वर्षं बाईंचे सासरे शेजारच्या सीटवर बसत. त्यांना मोजायची भारी खोड. अभ्रे मोजत, गठ्ठे मोजत, चावी फिरली की आम्हा दिव्यांनाही मोजत. "सहाच्या सहा हजर!"

"बाबा, दिवेपण धुवायला घ्यायचेत का?" बाई हसत.

पुढे त्यांचे गुडघे गेले आणि ते घरी इस्त्रीच्या टेबलाशी राहिले. त्या सगळ्या वर्षांत मी विझलेला होतो. माझ्यासारख्याचं कौतुक एवढंच, की त्याची कोणाला आठवण येत नाही.

मग एकदा चढावर इंजिनाने आचका दिला आणि मी पेटलो. पेटलेलाच राहिलो.

बाईंनी व्हॅन जिथून घेतली त्याच शोरूममध्ये नेली. काचेचं दार, गार हवा, फुकट कॉफी, आणि काउंटरवर टाय लावलेला माणूस. त्याने यंत्र जोडलं, पडद्यावर आकडा आला. कुठे शोधायचं, एवढं त्या आकड्याने सांगितलं होतं. याने शोधलंच नाही. "सेन्सर गेलाय, मॅडम," म्हणाला, सेन्सर बदलला आणि यंत्राचं बटण दाबून मला विझवलं. दुखणं होतं तिथेच होतं. काही दिवसांत मी पुन्हा पेटलो. त्याने आणखी एक भाग बदलला. मी पुन्हा पेटलो. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "गाडीचं वय झालंय, मॅडम. नवीन बघा ना. ही आम्ही घेतो परत."

"वय माझंही झालंय," बाई म्हणाल्या. "घरच्यांना सांगू का, दुसरी बघा म्हणून? दिवा का लागतो, ते शोधा."

"शोधतो. उद्या घेऊन जा."

त्या दुपारी त्याने मेकॅनिकला सांगितलं, "दिवा दिसता कामा नये. बाई गप्प बसतील." पॅनल उघडलं आणि आतून माझ्या तोंडावर काळी चिकटपट्टी बसली. झाली दुरुस्ती!

बाई खूश झाल्या. "गेला एकदाचा मेला!" मी कुठे गेलो होतो? पट्टीमागे जळत होतो. इंजिनाच्या एका कप्प्यात ठिणगी नीट पडत नव्हती, न जळलेलं पेट्रोल पुढे जात होतं. मी लुकलुकायला लागलो. माझं लुकलुकणं म्हणजे बोंब असते, मित्रांनो. मी बोंब मारत होतो आणि बाई माझ्यासमोर बसून निवांत गियर बदलत होत्या.

शेवटी भर चौकात व्हॅन बंद पडली. मागे हिरवे झगे. ती कशीबशी पुन्हा सुरू होऊन हॉस्पिटलला पोचेपर्यंत फार उशीर झाला. मोठ्या सिस्टर दारातच उभ्या होत्या. "डॉक्टर हात धुऊन झग्याची वाट बघत उभे राहिले आज. पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडे जाईल. मग माझ्याकडे येऊन रडू नका." लॉन्ड्री त्या एका कामावर उभी होती. बाई रडल्या नाहीत. मळके गठ्ठे उचलून व्हॅनमध्ये टाकले आणि निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे व्हॅनमध्ये चढून बसले. "बंद पडली तर धक्का मारायला माणूस नको?"

"आणि तुमच्या गुडघ्यांना धक्का कोण मारणार?"

चावी फिरली. "पाच," सासरे म्हणाले. "पुन्हा फिरव."

"बाबा, उशीर होतोय."

"फिरव म्हणतो ना. पाचच आहेत. तो कोंबडीचा कुठाय?"

"तो दुरुस्त केला त्यांनी."

"दुरुस्त झालेला हजेरीला येतो, सूनबाई. याचं तोंड बांधलंय कोणीतरी."

बाईंनी आधी झगे पोचवले आणि व्हॅन तडक शोरूमच्या दारात उभी केली. टायवाला हसत पुढे आला. "गरज नसली की तो दिवा लागत नाही, मॅडम."

"पॅनल उघडा. माझ्यासमोर."

मेकॅनिकने खाली मान घालून पॅनल उघडलं. काळी पट्टी सगळ्यांनी पाहिली. टायवाला म्हणाला, "वायरिंगचा आवाज येऊ नये म्हणून लावली असेल. तुम्ही असं करा, आत या, कॉफी घ्या, गाडी मोफत धुऊन देतो."

"धुऊन? मला?" बाईंचा आवाज चढला. "अहो, डाग निघाला नाही तर मी तोंडावर सांगते, निघाला नाही. डाग आत दुमडून चादर देत नाही!"

त्या काचेच्या दारातून आत गेल्या. सोफ्यांवर गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यासमोर उभ्या राहून बाई म्हणाल्या, "यांनी माझ्या गाडीचं इंजिन दुरुस्त केलं नाही, दिव्यावर पट्टी लावली. तुमच्या गाडीत चावी फिरवा आणि पिवळा दिवा लागतो का बघा. लागला तर बसा खुशाल."

मग एक म्हातारे गृहस्थ कप ठेवून उठले. त्यांच्यामागे एक तरुण जोडपं. मग बाकीचे. थोड्या वेळाने म्हातारे परत आले, आपली किल्ली काउंटरवर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "माझंही पॅनल उघडा."

टायवाल्याने टाय सैल केला.

बाईंनी व्हॅन दुसऱ्या गॅरेजात नेली आणि काम संपेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. ठिणगी देणारी एक कॉइल मेली होती. ती बदलली. पट्टी त्यांनी स्वतःच्या नखाने खरवडून काढली. हॉस्पिटलचं काम टिकलं. आता सकाळी मी हजेरी देतो आणि विझतो.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, गावात कोणी उठून 'काहीतरी बिघडलंय' म्हणालं, तर तुम्हाला त्याचा राग येईल. येऊ द्या. त्याला नीट सांगता येणार नाही, तो नको त्या वेळी बोलेल, तुमचा दिवस खराब करेल. तरी आधी बिघाड शोधा. आणि शोधायच्या आधीच जो म्हणतो, 'काही नाही हो, झालं ठीक,' त्याच्या हातात काय आहे, ते बघा.