जुन्या डिस्कवरचा आवाज

तांदळाचा दाणा. कुंकवाने लाल झालेला, नव्या हार्ड डिस्कच्या मागच्या बारीक पिनांमध्ये आडवा रुतून बसलेला... मृण्मयीने सुई घेतली, श्वास रोखला आणि दाणा अलगद उचलला. सुटला. पिना सरळ होत्या, एकही वाकलेली नव्हती. म्हणजे केबल पुरती बसत नव्हती ती याच्यामुळे, दोष एवढाच, दुसरं काय असणार, असं ती मनाशी म्हणाली आणि केबल दाबून बसवली. पण बटणाकडे गेलेला हात मधेच थांबला.

कारण बटण दाबायचं म्हणजे जुन्या डिस्कलाही जागं करायचं. गणपतीपासून ती डिस्क टिकटिक करत होती. आत कुणीतरी नखाने वाजवावं तशी. पिरंगुटच्या कारखान्यात, ऑफिसातल्या संगणकांची देखभाल हेच मृण्मयीचं काम होतं, आणि अशा टिकटिकीचा शेवट काय होतो ते तिने पुष्कळदा पाहिलं होतं. पाच वेळा चालू होते, पन्नास वेळा होते, नाहीतर पुढच्याच वेळी होत नाही. एकेक सुरुवात म्हणजे उरलेल्यातली एकेक खर्च.

आणि त्या जुन्या डिस्कवर बाबांचा आवाज होता.

तिने बटण दाबलं. टिक... टिक... पंखा घुमला, काळ्या पडद्यावर तीच पांढरी ओळ आली – चालू करायला डिस्क सापडत नाही. तिने ताबडतोब बंद केलं. एक खर्च झाली.

बाबा दाराशी खुर्चीत बसले होते. भरे गावातल्या या दोन खोल्या तिने त्यांच्यासाठीच घेतल्या होत्या. शहरात धूर फार, आणि आता ते नाकाने नव्हे, गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेत. भोकावर मलमलीचा पांढरा तुकडा. श्वासागणिक तो किंचित आत जाई, बाहेर येई. ते समोरच्या भातखाचरांकडे पाहत होते, भात पिवळं व्हायला लागलं होतं, आणि यंत्राच्या बाजूला ते मुद्दाम पाहत नाहीत हे तिला कळत होतं.

बाबा म्हणजे अण्णासाहेब, औसा बसस्थानक, वाहतूक नियंत्रक. त्या एवढ्याशा काचेच्या खोलीतून त्यांचा आवाज सुटला की फलाटावरची माणसं गाठोडी उचलत, मग शब्द ऐकत. लहानपणी शाळेतून येताना ती बाहेरच्या वडाखाली उभी राही – आता लातूर पुकारतील, आता निलंगा – आणि तिला वाटे, गाड्या रस्त्याने येतच नाहीत, बाबा नाव घेतात म्हणून येतात. घरी मात्र हाच आवाज खाली उतरे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभं राहून ते म्हणत, ‘मृणे...’ पुढे काही काम नसेच. ‘काय हो?’ म्हटलं की, ‘काही नाही, आहेस ना, तेवढंच.’

गेल्या वर्षी डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल असं सांगितलं, तेव्हा ऑपरेशनच्या आदल्या दुपारी तिने त्यांना या संगणकापुढे बसवलं होतं. बोला काहीतरी. काय बोलू? काहीही, बाबा. मग त्यांनी तो स्वस्तातला माइक बोटांनी वाजवून पाहिला, ‘चालू आहे का हे?’ असं विचारलं आणि जरा घसा खाकरून गाड्याच पुकारायला सुरुवात केली. ती हसली होती. तेही. त्यानंतर पुष्कळ वेळ ते बोलत राहिले... काय? तिला ते आठवत नाही. तेव्हा मी शब्द ऐकतच नव्हते, मी नुसती पडद्यावरची हिरवी रेघ वरखाली होते का ते बघत होते. आणि नंतर, एकदाही, फाइल उघडायचा धीर झाला नाही. त्यात त्यांनी माझं नाव घेतलं का? मृणे म्हणाले का? तेवढं कळलं असतं तरी... फ्लॉपीत ती फाइल मावत नव्हती, सीडी लिहायची सोय या यंत्रात नव्हती. शेवटी नवी डिस्क आणली, परवा संध्याकाळी. आणि काल खंडेनवमी.

काल घरमालकीण सगुणाबाईंनी पाटावर कोयता, विळा, खुरपं मांडलं होतं, आणि वर येऊन म्हणाल्या होत्या, ‘पोरी, तुजं बी हत्यार ठिव की.’ नाही म्हणवलं नाही. नवी डिस्क विळ्याशेजारी विराजमान झाली. आणि एकदा पूजेला ठेवलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नसतं. तेव्हा कालचा अख्खा दिवस ती जुन्या यंत्राला हात न लावता बसली होती, जणू आजारी माणसाची झोपमोड होईल.

आता काय राहिलं? नवी डिस्क काढून एकदा जुनीच लावून बघायची, म्हणजे जुनी जिवंत आहे का ते कळेल. पण ती चालू झाली नाही, तर? हे कळायला नकोच होतं. ऑफिसात ती दुसऱ्यांना शांतपणे सांगे, एकेक वस्तू काढत जा, दोष आपोआप सापडतो. इथे एकेक काढायला तिच्याजवळ फार थोडं होतं.

‘बोलली का गं तुजी पेटी?’ जिन्यावरूनच सगुणाबाईंचा आवाज आला. मागोमाग त्या स्वतः, हातात पूजेचं ताम्हन.

‘नाही ना, मावशी.’

‘मी चांगली वल्या पदरानं पुसून दिली हुती सकाळी. हळद लई लागली हुती.’ त्या बाबांकडे वळल्या. ‘अण्णासायेब, तुमी तरी सांगा हिला, सणाचं तोंड पाडून बसू नगं म्हनावं.’

बाबांनी दोन्ही हात उडवले – माझं कोण ऐकतं!

‘बगा! आमच्या मालकास्नी तोंड असून जलमात बोलले न्हाईत. तुमी हातानं तरी बोलताय.’

बाबांचे खांदे हसण्याने हलले. आवाज नाही, फक्त मलमल भराभर आत-बाहेर.

‘आनि हे बग,’ सगुणाबाईंनी ताम्हन पुढे केलं. ‘अक्षता कोंबड्यास्नी टाकाय निगाले, तर त्यात उंदराची लेंडी! देवाच्या ताटात! टाकनारच हुते, पन म्हनलं लेंडी अशी चौकोनी कशी?’

मृण्मयीने ते काळं, इवलंसं, चौकोनी काही चिमटीत घेतलं. जंपर. एका केबलवर दोन डिस्क लावायच्या तर एक थोरली, एक धाकटी. ही टोपी मागच्या पिनांवर बसवून नवीला सांगायचं, तू धाकटी. टोपी गेली की या बनावटीची डिस्क स्वतःलाच थोरली समजते, दोघी एकदम उत्तर देतात, आणि यंत्राला एकीचंही कळत नाही. परवा तिने स्वतः ती बसवली होती. म्हणूनच आज पुन्हा पाहिली नव्हती. ओला पदर... ती हसू लागली, आणि हसताना तिच्या लक्षात आलं की डोळे भरलेत.

‘अगं, रडतीस का?’

‘नाही मावशी. लेंडीच हवी होती मला.’

‘श्यारातली मानसं,’ म्हणत सगुणाबाई कोंबड्यांकडे उतरल्या.

तिने टोपी बसवली. केबल. बटण. टिक... टिक... टिक... आणि पडदा काळाच राहिला, इतका वेळ की तिने डोळे मिटले, मग ती ओळखीची निळाई पापण्यांवर आली. नवी डिस्क दिसत होती. जुनीही. तिने दुसरं काहीच केलं नाही, सरळ ‘बाबा’ नावाची फाइल नवीकडे ओढली. हिरवे ठोकळे सरकत राहिले. एकदा अडले. टिकटिक वाढली. सरकले. पोचले.

आता फाइल होती. नव्या डिस्कवर, सुखरूप. दोनदा दाबलं की तो आवाज या खोलीत येणार होता – आणि बाबा तिथेच बसलेले होते. स्वतःचा गेलेला आवाज माणसाने कसा ऐकावा? त्यांना खाली पाठवून ऐकावं का? म्हणजे ते इथे नसल्यासारखं...

‘बाबा,’ ती खुर्चीपाशी जाऊन जमिनीवर बसली. ‘त्या दिवशी, बोलताना, तुम्ही मला हाक मारली होती का हो?’

ते पाहत राहिले. ऑपरेशननंतर त्यांनी नुसते ओठ कधी हलवले नव्हते. डॉक्टरीणबाईंनी किती सांगितलं, ओठ हलवा, माणसं वाचायला शिकतील. त्यांनी मान फिरवली होती. अख्खं स्थानक हलवणाऱ्या माणसाने माशासारखं तोंड उघडायचं? हात, भुवया, खुर्चीच्या दांड्यावर बोटं, त्यावर भागवलं होतं.

आठवायचा प्रयत्न करत असावेत. मग त्यांनी नाही अशी मान हलवली की आठवत नाही अशी, तिला कळलं नाही. आणि त्यांचे ओठ मिटले. घट्ट. मग सावकाश विलगले, कोपरे किंचित बाजूला ओढले गेले. चेहरा ओशाळला, तरी त्यांनी ते अर्धवट सोडलं नाही. काही ऐकू आलं नाही. मलमल तेवढी हलली.

‘ओ,’ ती म्हणाली.

इतक्या चटकन की तिचं तिलाच नवल वाटलं. एवढे महिने अशा क्षणांची ती धास्ती घेत आली होती, समोर ओठ असतील आणि आत आपण जुना आवाज शोधत बसू. तिने शोधला नव्हता. शोधायला वेळच झाला नव्हता. हाक आली होती, तिने ओ दिली होती. फक्त एक, यापुढे आपल्याला त्यांच्याकडे पाहत राहावं लागेल... स्वयंपाक करताना, यंत्रापुढे बसताना, मधून मधून वळून.

मागे पडद्यावर फाइल तशीच होती. ऐकायची की नाही, आज की कधीतरी, तिने ठरवलं नाही. यात तिचं नाव नसेल, ही भीती कुठे गेली ते ती चाचपून पाहत होती. तिथे आता दुसरंच काहीतरी होतं, भीतीपेक्षा मऊ, आणि त्याला काय म्हणावं ते तिला अजून कळत नव्हतं.