घंटा आत, आवाज बाहेर

मी एक जुना, राखाडी डबा आहे, मित्रांनो. इंटरनेटच्या तारेवरून एका रुग्णालयात येणाऱ्या फोनांवर मी पहारा ठेवतो. माझे आयुष्य सांगण्याजोगे आहे की नाही, याची मला खात्री नाही. पण ऐकणारे भेटले आहेत, तर सांगतो.

कारखान्यात घडत असताना मला वाटे, आता लोकांची बोलणी ऐकायला मिळणार! तसे झाले नाही. आवाज माझ्याकडे बारीक तुकडे होऊन, बंद पाकिटांतून येतो. मी फक्त वरचा पत्ता बघतो. परवानगीतला असेल तर आत, नसेल तर बाहेर. पाकिटात काय असेल, हे कुतूहल मात्र कधी गेले नाही.

तळघरात, ऑपरेटर मावशींच्या खुर्चीमागे मला टांगले. रुग्णालयाच्या नावावर परदेशी फोन करू पाहणाऱ्या भामट्यांना मी अडवले, तेव्हा माझे फार कौतुक झाले. पुढे मावशींची ओली छत्री माझ्याच खिळ्याला लटकू लागली.

एके सकाळी फोनची कंपनी बदलली. नेटवर्क सांभाळणाऱ्या ताईंनी मला नवा पत्ता शिकवला आणि बाहेरून फोन लावून पाहिला. "वाजला! झालं काम," म्हणत त्या वर चहाला गेल्या.

पण घंटेचे आणि फोन ठेवल्याचे निरोप त्या पत्त्यावरून येत होते, आवाजाची पाकिटे मात्र दुसऱ्याच पत्त्यावरून. तो दुसरा पत्ता मला कोणी सांगितलाच नव्हता.

तेवढ्यात डॉक्टर धावत आले. "मावशी, त्या बेशुद्ध पेशंटच्या बायकोचा फोन येईल. द्यायच्या दोन इंजेक्शनांपैकी कुठलंसं एक त्याला सोसत नाही म्हणे. नाव हवंय, लगेच!"

घंटा वाजली. "हॅलो? अहो, बोला की! काही ऐकू येत नाही, परत लावा!" मावशी ओरडल्या. पलीकडून पाकिटांवर पाकिटे येत होती आणि मी ती टाकून देत होतो. फोन तुटला, पुन्हा वाजला.

"मोबाइलवर लावायला सांगा," डॉक्टर म्हणाले.

"या तळघरात रेंज कुठून आणू? थांबा. मी परत लावा म्हटलं आणि तिनं लावला. म्हणजे तिला आपलं ऐकू येतंय!" मावशी फोन उचलून म्हणाल्या, "बाई, डॉक्टर दोन नावं घेतील. ज्याचा त्रास होतो ते आलं की फोन ठेवा, आणि लगेच परत लावा."

पहिले नाव. फोन चालूच राहिला. दुसरे नाव घेताच फोन ठेवल्याचा निरोप माझ्यापाशी आला. तो मी तत्काळ आत सोडला. एवढ्याशा निरोपात इतके मावते, हे मला ठाऊकच नव्हते!

फोन परत वाजला. "आता उलट क्रमानं," डॉक्टर म्हणाले. या वेळी पहिल्याच नावाला फोन तुटला. डॉक्टर जिन्याकडे पळाले.

ताई खाली आल्या, तेव्हा मावशी तडकल्या. "आता सगळ्यांनाच आत सोड म्हणावं तुझ्या या डब्याला!"

"नको मावशी, मग ते भामटेही घुसतील. त्याचं काही चुकलं नाही. मी नुसती घंटा ऐकली, बोलून पाहिलंच नाही." ताईंनी आवाजाचा तेवढा एक पत्ता मला शिकवला.

दुपारी पुन्हा घंटा वाजली. पाकिटे आली आणि मी भराभर सोडली.

"रडू नका हो," मावशी म्हणाल्या, "शुद्धीवर आलेत ते. बोला आता, सगळं ऐकू येतंय."

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. कोणासाठी दार उघडाल, तेव्हा घंटा वाजली म्हणून लगेच पाठ फिरवू नका. पलीकडच्या माणसाला बोलू द्या, आणि त्याचा आवाज पोहोचेपर्यंत थांबा.