पहिलं पाणी

आत्याच्या बरणीत चाळीस ग्रॅम शेवाळ उरलं होतं. तिने ओढ्यातून काढून, ताटात पसरून वाळवलेलं. आता आत्या नाही आणि त्या ओढ्याचंही सिमेंटचं गटार झालंय.

आमच्या प्रयोगशाळेत खाण्याच्या शेवाळांतून बुळबुळीत शर्करा काढतात. सूप दाट करायला, गोळ्या बांधायला ती लागते. आत्याचं शेवाळ यादीत मीच हट्टाने घुसवलं होतं. यादीत टिकलं, तर डोंगरातल्या ओढ्यांत ते शोधायला माणसं जाणार होती. सतरा वेळा तापमान बदललं, वेळ बदलली, पाणी कमी-जास्त केलं. निघणाऱ्या शर्करेचा आकडा सहा टक्क्यांवरून हलेना. शेवटी सरांनी लाल पेन काढलं.

"बाई, शुक्रवारपर्यंत दहा टक्के दाखवा. नाहीतर हा नमुना बाद."

बाद! ज्या शेवाळाच्या कढणावर मी वाढले, ते बाद? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गुरुवारी सोबतच्या केमिस्टने उरलेलं शेवाळ नेहमीसारखं कोमट पाण्यात धुतलं. माती जावी म्हणून आम्ही प्रत्येक नमुना धुतोच. ती पाणी बेसिनमध्ये ओतायला निघाली, तर ते भांड्याच्या कडेवरून तार धरून लोंबलं.

"ओतू नकोस!"

"अगं, केवढ्याने ओरडतेस!"

ते ओरडणं माझं नव्हतंच. आठ वर्षांची असताना मी मोठ्या शहाणपणाने शेवाळ भिजवलेलं पाणी मोरीत ओतलं होतं. आत्याने भांडं हिसकावलं. "अगं भवाने, सगळा जीव त्या पाण्यात होता! ओढ्यावर धुऊनच आणते ना मी?" त्या दिवशी सगळ्यांनी चोथा खाल्ला. कुणी नाक मुरडलं की आत्या दटावायची, "पोरीने केलंय, खा."

मला हसू आलं, मग रडू. आत्या, सतरा वेळा गं!

शेवाळ उकळून काढा केला, धुण्याचं पाणी त्यातच मिसळलं, गाळलं, अल्कोहोल घातलं. पांढरे तंतू चमच्याने उचलावेत इतके वर आले. वाळवून वजन केलं. चौदा टक्के.

"कसं सुचलं?" सरांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं.

"लहानपणी ओरडा खाल्ला होता."

सरांनी लाल पेन खिशात ठेवलं.

संध्याकाळी रिकामी बरणी विसळायला घेतली. तळाचा हिरवट चुरा पाण्यात उतरला. बरणी बेसिनवर आडवी केली, पण हात पुढे होईना. मग झाकण घट्ट लावलं आणि पाण्यासकट ती घरी घेऊन गेले.